झोपून पाहायची खिडकी

जमिनीची इतकी भीड बाळगणारा दुसरा माणूस या भूतलावर झाला नसेल, असे आमच्या साडूंविषयी मी निःशंकपणे लिहू शकतो. एरवी कोणतेही विधान निःशंकपणे करण्याचा माझा स्वभाव नाही. भूमापन खात्यात आयुष्यभर साखळी ओढून त्यांनी लोकांच्या शेतांतून रेघा मारल्या आणि निवृत्त झाल्यावर, जणू त्या साऱ्या रेघांचे प्रायश्चित्त म्हणून, आदिलाबादकडच्या नार्नूरच्या वाटेवरचे एक जुने घर घेतले. साठेक वर्षांपूर्वी कोण्या इंजिनियराने ते हौसेने बांधलेले. सपाट स्लॅब, भिंतींच्या बरेच पुढे आलेले छत, मोझॅकची गार फरशी. खिडक्या मात्र कचेरीसारख्या छातीइतक्या उंचीवर. मागे सागाची टेकडी, तिच्या पायथ्याशी मोहाचे एक थोर झाड, आणि घराची पाठ नेमकी त्यांच्याकडे. ते घर टेकडीकडे वळवायचा साडूंनी निश्चय केला. "घरानं जमिनीचं आयकलं पायजे, साडूभाऊ. जमीन पयले आली," ते मला म्हणत.

या ऐकण्याला मर्यादा नव्हती. मागच्या पडवीच्या आड येणारा काळा खडक फोडायची गोष्ट निघताच त्यांनी दोन शेजारी बोलावून खडकाचा रीतसर पंचनामा केला आणि पडवीच वाकडी बांधली. सागाच्या एका फांदीसाठी स्लॅबच्या कडेला खाच पाडली. पावसाळ्यात तिथून पाणी थेट पडवीतल्या जेवणाच्या ताटात येई. गवंडी वैतागून म्हणे, "साहेब, घर दुरुस्त करून राह्यलो का जंगलाची चाकरी करून राह्यलो आमी?" त्यावर साडू शांतपणे विचारत, "काऊन, दोनी जमत नाई काय तुले?" पाहुण्यांना ते मोजपट्टी समजत. घरात आलेल्याला पाणी विचारण्याआधी भिंतीशी उभे करून टेकडी कुठवर दिसते ते विचारत. स्वतः मात्र कधी पाहत नसत. त्यांचा हात नोंदवहीत गुंतलेला असे.

माघात या साऱ्या गमतीवर सावट आले. अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण आणि साडूंची बायको, अर्धांगवायूने आदिलाबादच्या दवाखान्यात पडली. लहानपणी तिने पहाटे उठून टोपलीभर मोहाची फुले वेचलेली. तिने एकच मागणे केले: "घरी नेसान तवा पडल्या पडल्या मोह गळताना दिसू द्या मले."

दुसऱ्याच दिवशी साडूंनी मला मागच्या खोलीत नेले. "आडवे व्हा. तुमी हिच्याएवढेच आहा." चार गवंड्यांदेखत मी संकोचाने बाजेवर निजलो. माझ्या डोळ्यांच्या उंचीला त्यांनी कोळशाने रेघ ओढली.

"काय दिसते?"

"भिंत," मी म्हणालो. गवंडी हसले. साडूंनी तेही लिहून घेतले.

मोह गळायच्या आधी त्याखालचा पाचोळा झाडून जमीन स्वच्छ करतात, म्हणजे फूल मातीत हरवत नाही. साडू रोज सकाळी ती जागा झाडू लागले. इकडे भिंत फोडायला गवंड्याने हातोडा उचलला, तोच जुन्या खिडकीच्या सज्ज्यावर होल्याचे घरटे दिसले. आत दोन अंडी. साडूंनी काम थांबवले. पिल्ले उडेपर्यंत महिना जाईल आणि मोह तोवर थांबणार नाही, हे मला कळत होते. मला बोलायचे होते. मी बोललो नाही. अक्काला दवाखान्यात सांगितले, तेव्हा ती वाकड्या ओठांनी हसली. "उडू द्या त्यायले. मी काय पळून जाऊन राह्यली?"

पिल्ले उडाली. भिंत फुटली. खिडकीला काच बसली, त्याच्या दोन दिवस आधी अक्का दवाखान्यातच गेली. झाडाखाली शेवटची फुले सुकून पडली होती.

परवा आषाढात मी गेलो. ती खिडकी इतकी खाली आहे की उभ्या माणसाला तिच्यातून उंबरठ्याएवढी माती तेवढी दिसते. अक्काची बाज तिथेच आहे. साडू खिडकीकडे पाठ करून बसले होते. हातात नोंदवही नव्हती.

"जरा आडवे व्हा, साडूभाऊ."

मी निजलो.

"काय दिसते?"

बाहेर सगळीकडे गुडघाभर गवत माजले होते. फक्त मोहाखाली तांबडी, ओली, झाडून लख्ख केलेली जमीन. फुलांना अजून कित्येक महिने अवकाश होता.

"झाड दिसते. खालची साफ जागा दिसते."

"मंग बराबर बसली खिडकी," ते म्हणाले. मग खिडकीकडे न वळताच हळूच विचारले, "पान तं नाई ना पडलं तिथं एकांदं?"

एक पडले होते.

"नाही," मी म्हणालो. या खेपेला मात्र मी वेळेवर बोललो.