अडीच बाय पाच

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे रेघोबा म्हणत. तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, पण कुठल्याही साहेबासमोर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायचे आणि अधूनमधून त्यांची टिंगल.

नकाशा काढायची त्यांची रीतच उफराटी. आधी गाड्या, मग जिना, उरेल तिथे माणसं. नियमच तसा होता. प्रत्येक घराला एका गाडीची जागा हवी, मग घरात सायकल का नसेना. गाडीची चौकट अडीच मीटर बाय पाच. "माणूस पाय आखडून झोपतो, गाडी आखडत नाही," असं ते म्हणायचे.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका चार मजली इमारतीचा नकाशा काढला. आठ घरं, म्हणून तळमजल्यावर आठ चौकटी. आठवीच्या जागी बिल्डरला खोली काढून विकायची होती. रेघोबांनी कागदावर गाडी दाखवली, फाइल पास झाली आणि भिंती उठल्या. तेव्हा सगळेच असं करत, कुणाला त्यात पाप वाटत नसे. चौथ्या मजल्यावर रेघोबांनी स्वतः घर घेतलं, आणि ती खोली घेतली त्यांच्या एकट्या राहणाऱ्या थोरल्या बहिणीसाठी. आक्कांचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

गेल्या वर्षी नगरपालिकेने जुने नकाशे तपासायला काढले. आक्कांच्या दारावर नोटीस लागली: ही गाडीची जागा आहे, महिन्यात भिंती काढा.

नगरपालिकेच्या साहेबाकडे मीच रेघोबांबरोबर गेले. साहेब बिचारा भला माणूस. त्याने नकाशा पसरला. कोपऱ्यात रेघोबांची सही, आठव्या चौकटीत त्यांच्याच हातचा आठ. इमारतीत मिळून तीनच गाड्या आहेत, हे मी सांगितलं.

"नियम गाड्या मोजत नाही बाई, जागा मोजतो," साहेब म्हणाला. आता बसच्या रस्त्यालगत गाडीच्या जागेची सक्तीच उरलेली नाही, हेही त्यानेच सांगितलं. पण ती सवलत नव्या इमारतींना, जुन्यांना जुनाच नियम. रेघोबा नुसते सहीवर बोट ठेवून बसले. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

दारावरची नोटीस रेघोबांनी आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे आक्कांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा त्या पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. भावाने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"माझ्या जागी कोण येणार रे?"

"कुणी नाही. गाडी."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही, आक्का."

महिना संपायच्या आत आक्कांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. भिंती पडल्यावर पांढरे पट्टे मारायला आलेल्या रंगाऱ्याचं माप चुकत होतं. रेघोबांनी त्याच्या हातातून टेप घेतला, जमिनीवर गुडघे टेकले आणि चौकट स्वतः आखून दिली. तसूभरही चुकली नाही.

चौकट अजून रिकामीच आहे. आक्का रोज सकाळी गॅलरीत खुर्ची ओढून बसतात आणि खाली वाकून बघतात.

"आली का रे गाडी?"

"नाही अजून," रेघोबा म्हणतात, आणि ऑफिसला निघतात.