सर्व्हिसिंगच्या कागदावरची माझी सही

व्हॅनमधल्या पोरांच्या आयांनो, वाचा.

आज शाळेला सुट्टी म्हणून सकाळी व्हॅन शोरूमला सर्व्हिसिंगला दिली. संध्याकाळी आणायला गेले तर सरकतं दार चेपलेलं, लागतच नाय.

तिथला साहेब म्हणाला, "मावशी, दार आधीच चेपलेलं होतं. कागदावर खूण आहे, खाली तुमची सही."

कागदावर गाडीचं चित्र, त्यात दारावर गोल. सकाळी सही केली तवा चित्र कोरं होतं.

"गोल नंतर मारलास रं," मी म्हणले.

"मग सिद्ध करा."

कागद सगळा इंग्रजीत, अन् इंग्रजी मला वाचता येत नाय. सही तेवढी येते, ती ऐटीत केली.

दार दोरीनं बांधून गाडी दहिवलीला घरी आणलीय. असल्या दारामागं तुमची पोरं मी बसवणार नाय. उद्यापासून दुसरी गाडी बघा.

आणि मला सांगा, सकाळचा कोरा कागद आता कुठून दाखवू?