ब्रेकची यादी

नगरच्या एमआयडीसीत आमचा लहान मोटारींचा कारखाना आहे. गाडीच्या पंख्याला, काच वरखाली करायला लागतात त्या मोटारी. स्टोअर आणि हजेरी दोन्ही माझ्याकडे.

कंत्राटी बायकांना सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. महिनाभर घरी बसायचं, मग नवीन कार्ड. म्हणजे कुणी कायम होत नाही. पद्धत वाईट, पण ती माझ्या हातात नव्हती. पूर्वी ब्रेक आदल्या दिवशी कळायचा. मी यादी करून दोन महिने आधी फलकावर लावायला लागले. बायका आपसात अदलाबदल करायच्या, मी सह्या घ्यायचे.

तार गुंडाळणारी एक बाई राहुरीहून यायची. हात सगळ्यात चपळ, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर. तिचा ब्रेक जूनमध्ये होता. सासूचं डोळ्याचं ऑपरेशन पावसाआधी उरकायचं म्हणून तिला एप्रिल हवा होता. दुसरी एक तयार झाली. काम पाच मिनिटांचं.

ती एप्रिलमध्ये ब्रेकवर गेली आणि त्याच महिन्यात चुंबक यायचं थांबलं. मोटारीत चुंबक लागतं आणि आमचं सगळं चीनहून येतं. अमेरिकेनं चीनच्या मालावर कर वाढवला, चीननं उलट सगळ्यांचंच चुंबक अडवलं. चीनच्या पुरवठादाराचा फॉर्म आला: हा माल लष्करी कामाला जाणार नाही असं लिहून द्या. आमच्या थोड्या मोटारी लष्कराच्या गाड्यांत जातात. मालकांनी खोटं लिहिलं नाही. फॉर्म परत आला, दुसऱ्यांदाही परत आला, आणि रॅकवर दोनच खोकी उरली.

मालकांनी माझी यादी मागितली. कुणालाही काढायचं नाही, म्हणाले. जे ब्रेकवर आहेत त्यांना फक्त बोलवायचं नाही. यादी तयारच होती. अकरा नावं. शोधाशोध करावी लागली नाही.

ठरल्या तारखेला ती डबा घेऊन गेटवर आली. मी बाहेर जाऊन सांगितलं, चुंबक येईपर्यंत काम नाही.

“माजं नाव जूनला हुतं ना, मॅडम?”

“हो.”

“मंग जिनं बदलून घेतलं ती?”

“ती आत आहे.”

तिनं डबा पिशवीत घातला. “तिच्यावर राग न्हाई. सासूला दिसाया लागलंय,” म्हणाली आणि एसटीकडे निघाली.

पहिले दोन महिने दर सोमवारी तिचा फोन यायचा. मी ‘अजून नाही’ एवढंच सांगायचे. मग फोन थांबला. चुंबक आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. दुसऱ्याच देशातून आलं, महाग आणि गरजेच्या निम्मं. मीच तिला फोन लावला. मागे बायकांचा गलका होता. ती रोजानं कांदा निवडायला जात होती.

“आलं का काय, मॅडम?”

आलं होतं, पण आत होत्या त्यांनाच काम पुरत नव्हतं. मी ते तिला सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली. “ठिवते. मुकादम बघतोय.”