खाणीतला झरा

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरला, की मी खिडक्या आपटून लावते. सुनेला वाटतं, मला खोकला येतो. मला त्या वासाने खाण आठवते.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडच्या आमच्या गावाजवळ रस्त्यासाठी काळ्या दगडाची खाण सुरू होती आणि आम्ही नवरा-बायको तिथे खडी फोडत होतो. प्यायचं पाणी टँकरने यायचं, तेही आलं तर. एका दुपारी खाणीच्या तळाशी कपारीतून पाणी झिरपताना मला दिसलं. मी ओंजळ धरली. इतकं गार, दगडाच्या वासाचं पाणी मी पुन्हा कधी प्याले नाही.

"आनखी एक सुरुंग लावू. झरा मोठा व्हईल," आमचे हे म्हणाले. मुकादमाने मान डोलावली.

"आवो, हाय तेवढं ऱ्हाऊ द्या. दगुड फुटला तर पानी खाली जाईल," मी म्हणाले. आम्ही बाया कपारीपुढे हंडे मांडून बसलो.

"बायांना काय कळतंय खानीतलं?" म्हणत ह्यांनी आम्हाला हंड्यांसकट वर हाकललं.

बार उडाला. धूर निवळल्यावर खाली पाहिलं, तर कपारीच्या जागी हातभर रुंद भेग पडली होती, आणि ती कोरडी होती.

आता हे ऐंशीच्या घरात आहेत. काल नातवाला जवळ बसवून सांगत होते, "तवा गावात पान्याचा थेंब नव्हता, बाळा."

"हुता!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "मी प्यालेली हाय."