जिन्याखालचं काँक्रीट

गल्लीतले सगळे त्यांना ओळंबाकाका म्हणत. चाळीस वर्षं गवंडीकाम करून त्यांची एकही भिंत कलली नव्हती. काम बिघडलंच, तर "माझं चुकलं" म्हणायला आपण कधी कचरत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यांचा तसा खरोखरच समज होता.

कोपऱ्यावरच्या घरात निवृत्त मास्तरीणबाई मुलगा-सुनेजवळ राहत. पुढच्या खोलीतली फळ्यांची जमीन खचून कपाटाचा पाय आत गेला, तेव्हा सुनेने काकांनाच बोलावलं. सहा वर्षांपूर्वी जिन्याखालच्या कुजक्या फळ्या काढून तिथे काँक्रीट त्यांनीच घातलं होतं. अजून त्याला एक चीर नव्हती.

काकांनी दोन फळ्या उचकटल्या. कुबट वासाचा भपकारा आला. खालचा वासा अंगठ्याने दाबला, तर ओल्या पावासारखा दबला.

"बघा!" सून म्हणाली. "आई, कितीदा सांगितलं, लाकूड आहे ते, रोज पुसू नका!"

"फडकं पिळून घेते गं मी," बाई पुटपुटल्या.

"मग काय आपोआप कुजलं? काका, तुम्हीच सांगा."

काकांनी बॅटरी आत धरली. उजेड थेट त्यांच्याच काँक्रीटवर जाऊन अडला.

पूर्वी मागच्या भिंतीच्या जाळीतून हवा यायची, जिन्याखालून, या खोलीखालून ओल सुकवत खेळायची आणि पुढच्या जाळीने बाहेर पडायची. ती वाट राहावी म्हणून काँक्रीटच्या पोटात दोन पाइप टाकायचे होते. आणलेही होते. पण त्या दिवशी जिन्याला दिलेला टेकू सरकल्यासारखा वाटला आणि जिना खाली बसेल या भीतीने काकांनी घाईघाईत माल ओतून टाकला. संध्याकाळी पाहिलं, तर पाइप अंगणात भिंतीला टेकून उभे. काँक्रीट तोवर घट्ट झालं होतं. "उरलेत, असू द्या तुम्हाला," असं बाईंना सांगून ते घरी गेले होते.

"काका?" सुनेने पुन्हा विचारलं.

"पाणी मुरलं असेल," ते म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. ओरडा खाल्लेल्या पोरीसारखी.

आठ दिवस काकांनी नवे वासे बसवले. रोज अंगणातून जाताना ते पाइप दिसत. बाईंनी त्यांवर सुतळीने बांधून जाईचा वेल चढवला होता. घरात बाई आता बादलीला हात लावत नव्हत्या. भिंतीच्या कडेकडेने चालत, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहत. सून चहा आणून देई, तो काका तसाच ठेवून कामाला लागत.

आठव्या दिवशी शेवटची फळी बसली. बाई हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, इथे खिडकीशी माझी खुर्ची ठेवली तर चालेल ना? भार नाही ना व्हायचा?"

बाईंचं वजन ते किती! काकांच्या हातातली हातोडी खाली आली.

"बाई, पाण्याने नाही कुजलं. माझ्यामुळे कुजलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. टेकू, पाइप, 'उरलेत' म्हणून सांगितलं होतं तेही. "काँक्रीट फोडून वाट केली नाही, तर हे नवं लाकूडही जाईल. मी फोडतो."

दारात उभी असलेली सून सासूकडे पाहू शकली नाही. "आई, मी..." एवढंच म्हणून ती थांबली.

बाई काकांकडेच बघत होत्या. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं, रागावून नव्हे.

"तेव्हा चुकलात, ते समजलं मला. पण मिस्त्री, हे आठ दिवस?"

पक्कड घेऊन काका अंगणात गेले आणि पाइपांवरची सुतळी सोडू लागले.

"थांबा, मोडेल," मागून बाई आल्या. त्यांनी वेल दोन्ही हातांनी उचलून धरला. काका मान वर न करता एकेक गाठ सोडत राहिले.