शेवटच्या सायकलचा दिवा

साईनाथला दोन सायकली होत्या आणि त्याचा त्याला कोण तोरा. पहिलीवरून चाळीतून शीळफाट्यापर्यंत यायचं, ती अण्णांच्या चहाच्या टपरीमागे लावायची, बसने ठाणं गाठायचं आणि खोपटला साखळीने बांधलेली दुसरी काढून कोलशेतच्या कंपनीत जायचं. गाडीवाले सिग्नलला कुजतात, मी दोनदा वारा खातो, असं तो ऐटीत सांगायचा. बायको शकू म्हणायची, वारा खा नाहीतर धूळ खा, पण धड घरी ये. ती हे थट्टेने म्हणत नसे.

कारण फाट्यापासून चाळीपर्यंतचा रस्ता जसा रुंद झाला तसा वाईट झाला. कडेची माती गेली, डंपर आले आणि दिव्यांचे खांब नुसतेच उभे राहिले. दूधवाल्याला डंपरने उडवलं, तेव्हापासून चाळीतले सायकलवाले संध्याकाळी टपरीवर थांबून एका रांगेत निघू लागले. साईनाथने कंपनीच्या भंगारातून एक मोठा लाल दिवा आणून दुरुस्त केला. तो टपरीवर चार्जिंगला असायचा. नियमही त्याचाच, दिवा शेवटच्या सायकलला लावायचा. आणि शेवटी राहायचा तो स्वतःच, दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. वळणावर रांग आडवी दिसली, मागे लाल दिवा लुकलुकला, की शकू गॅलरीतून आत जाऊन तवा ठेवायची.

थंडीत अंधार लवकर पडतो. त्या संध्याकाळी साईनाथची बस मुंब्र्याला अडकली. त्याने शेजारच्या सुदेशला फोन केला, "तुम्ही निघा रे. आणि दिवा शेवटच्याला लावा, विसरू नका." शेवटी सुदेश होता. त्याने इमानदारीत दिवा आपल्या सायकलला लावला आणि रांग निघाली.

नंतर साईनाथ टपरीवर पोचला. सायकल राहू दे, शेअर रिक्षाने जा, असं अण्णांनी परोपरीने सांगितलं. पण सायकल इथे राहिली तर सकाळची बस चुकणार, म्हणून त्याने ऐकलं नाही.

शकूने वळणावर दिवा पाहिला आणि तवा ठेवला. पहिली भाकरी फुगत होती, तेवढ्यात सुदेश दारात आला.

"वहिनी, हा दिवा ठेवा. साई येतोय मागून."

शकूने दिव्याकडे पाहिलं. "तो मागे आहे, मग दिवा इथे कसा?"

दिवा उंबऱ्यावर टाकून सुदेश उलटा धावला. भाकरी करपली तरी शकू जागची हलली नाही.

साईनाथ वळणाच्या अलीकडेच सापडला. तोवर सगळं संपलं होतं. पळून न गेलेला डंपरवाला रस्त्यात बसून रडत होता. पुढे कोणी दिसलंच नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लोक त्याला मारायला धावले, पण तो खोटं बोलत नव्हता, हे सुदेशला ठाऊक होतं.