समर्थच्या कानातली चांदी

निपाणीचा सोनार आण्णाप्पा पोतदार मुलखाचा भित्रा. हायवे ओलांडायचा तर कुणाचा तरी दंड धरणार, गिऱ्हाईक दागिना घेऊन परत आलं की हा आधी माफी मागणार. पण तान्ह्या पोराचा कान टोचताना हा माणूस वेगळाच असतो, हात कधी चुकत नाही. त्यानंच कान टोचलेले, आज बाप झालेले कितीतरी जण आपली पोरं घेऊन त्याच्याकडंच येतात.

सदलग्याची लक्ष्मीबाई नातवाला, समर्थला, घेऊन आली ती सोन्याची तार घालायची म्हणून. आण्णाप्पानंच तिला चांदी सुचवली. "एवढीशी सोन्याची तार आक्का, तेल लावताना वाकंल, पडंल. कुठं हुडकणार? चांदीच घालूया." चोख चांदीही मऊच, म्हणून तिच्यात थोडं तांबं घालतात. लक्ष्मीबाईचा न्हाऊ घालायचा दांडगा हात त्याला ठाऊक होता. त्यानं तांबं नेहमीपेक्षा जरा जास्तच घातलं.

आठवडा व्हायच्या आत एके सकाळी तिच्या सुनेचा, सोनमचा, फोन आला. ती रडत होती. "आण्णा, समर्थचा कान लई सुजलाय वो. अंग भाजतंय. सासूबाई म्हणत्यात, टोचणाऱ्यालाच आधी दाखवायचं."

"दवाखान्यात न्या," हे आण्णाप्पाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण डॉक्टर विचारणार, कानात घातलंय काय? त्यानं शब्द गिळले आणि "मीच येतो" म्हणाला.

तांबं बाधलं. पोराच्या कानात आपण विष घातलं. बसमध्ये त्याला दुसरं काही सुचेना. दारात जमलेली माणसं, दुकानावर पडणारे दगड, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. चिकोडीला बस बदलताना समोरच दवाखान्याची पाटी होती. त्यानं तिकडं पाठ केली.

समर्थ आजीच्या मांडीवर कण्हत होता. आण्णाप्पानं भीतभीत कान बघितला. सुजलेल्या पाळीत पिवळीधमक रिंग रुतली होती.

"आक्का, हे माझं न्हाय."

लक्ष्मीबाईनं पदर तोंडाला लावला. "विहीण बोलली, पहिल्या नातवाला चांदी घातली व्हय? लई लागलं मनाला. म्या जत्रंतनं ह्या रिंगा आणल्या, तुमची तार काढून घातल्या. तुम्ही रागवशीला म्हणून बोलले न्हाय. पोरगं वाचंल न्हवं, आण्णा?"

सुटलो! आण्णाप्पाला हसूच फुटणार होतं. तेवढ्यात समर्थ कळवळून किंचाळला आणि त्याला स्वतःची किळस आली. रिंग कापून काढून त्यानं समर्थसकट सासू-सुनेला रिक्षात घातलं आणि तडक चिकोडी गाठली.

इंजेक्शन झालं. "ताप उतरेल," डॉक्टरीण म्हणाली, "पण पाळीचा हा तुकडा काही राहत नाही. सकाळीच का नाही आणलं? पाळी वाचली असती."

"माझीच चूक, बाई," लक्ष्मीबाई हमसून रडली. "म्याच आण्णांची वाट बघत बसले."

सकाळी दवाखाना आपणच टाळला, हे सांगून टाकावं म्हणून आण्णाप्पानं तोंड उघडलं. सकाळच्यासारखेच त्यानं शब्द गिळले. लक्ष्मीबाई वाकली आणि त्याच्या पाया पडली. "तुम्ही धावून आला आण्णा, न्हायतर माझं लेकरू गेलतं."